मेन कोण पाडतं

४ नोव्हेंबर, सोमवार

मला डायरी लिहायची हौस नाही. ही वही वायरमनमुळे सुरू करावी लागली. भांडी धुण्याचं यंत्र लावलं की मेन पडतो आणि अख्खं घर बंद होतं. तीन आठवडे हे चाललं आहे. वायरमन तीनदा येऊन गेला. तो आला की मेन पडत नाही. आज फोनवर म्हणाला, "बाई, चौथ्यांदा मी हात हलवत परत जाणार नाही. दहा दिवस लिहून ठेवा. किती वाजता पडला, तेव्हा घरात काय काय चालू होतं, कोण कुठे होतं. सगळं लिहा. मग बोलवा."

नोंदी कशा ठेवायच्या हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं मी वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. काटा खोटा आहे की काट्यामागचा माणूस, हे मी दुकानाच्या दारातून ओळखत असे. पदवीला पदार्थविज्ञान होतं. वर्गात मुली दोनच, आणि दुसरीने मधेच सोडलं.

घरात माणसं चार. मी. मुलगा, तो घरूनच संगणकावर नोकरी करतो. सून, तिला रविवारची सुट्टी असते, बाकी दिवस ती सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. आणि माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून दोन वर्षं ती मागच्या खोलीत राहते. यंत्र सुनेने हौसेने घेतलं. त्याआधी भांडी धाकटी घासायची. आता ती दुपारी जेवणं झाली की भांडी यंत्रात लावते आणि बटण दाबते, एवढंच.

मेनचा बोर्ड पॅसेजमध्ये आहे, धाकटीच्या खोलीच्या दाराला लागून. हे आत्ताच नोंदवून ठेवते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दोन वीसला पडला. चालू: फ्रिज, मुलाचा संगणक, धाकटीचा रेडिओ, यंत्र. यंत्राचं बटण दाबून बारा मिनिटं झाली होती. मुलगा त्याच्या खोलीत, सून कामावर, धाकटी स्वयंपाकघरात.

मी न्हाणीघरात होते. टाच धरते म्हणून डॉक्टरांनी रोज दुपारी जेवणानंतर गरम पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलं आहे. पत्र्याच्या बादलीत रॉड सोडून पाणी तापत ठेवलं होतं. न्हाणीघराला खिडकी नाही. भिंत चाचपत बाहेर आले, तर धाकटी बोर्डासमोर मेन वर करत होती. माझ्या आधी पोचली होती. कशी?

६ नोव्हेंबर, बुधवार

दोन सतराला. कालचंच सगळं. मुलाची साहेबांबरोबर बैठक चालू होती, ती मधेच तुटली. बाहेर येऊन त्याने खुर्चीला लाथ मारली. "आई, बैठक मोडायची महिन्यातली ही सहावी वेळ! साहेब म्हणाला, तुमच्याकडे वीज आहे की काजवे?" धाकटी हसली. मुलगा आणखी चिडला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पाय कोमट पाण्यातच बुडवावे लागले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन चोवीस. आज जेवणाला उशीर झाला, म्हणून मेनलाही उशीर झाला. म्हणजे घड्याळाशी संबंध नाही, यंत्राशी आहे. बाकी नोंद तीच.

बादलीची कडी धरली की बोटांना मुंग्या येतात, हे आठवड्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलं होतं. नसा कमजोर झाल्यात म्हणाले, गोळ्या दिल्या. अजून गुण नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज यंत्र दुपारी पूर्ण चाललं. मेन पडला नाही! मी दर रविवारसारखी निवृत्तांच्या मंडळात जेवायला गेले होते, संध्याकाळी आल्यावर सुनेला विचारलं. म्हणाली, "नाही पडला आई. मीच लावलं होतं." मागच्या दोन रविवारीही पडला नव्हता म्हणे. रविवारी यंत्र सून लावते. इतर दिवशी धाकटी लावते.

रेघ मारून दोन रकाने केले. एका रकान्यात पडला ते दिवस, दुसऱ्यात नाही पडला ते. लहान पोरालाही कळेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल दोन एकोणीस, आज दोन वीस. दोन्ही दिवशी बटण धाकटीने दाबलं.

तिला समोर बसवून वही दाखवली. तिने चष्मा लावून नीट वाचली, पानं उलटली आणि म्हणाली, "अगं, माझं नाव किती वेळा आलंय! मतदार यादीत पण एकदाच येतं."

"थट्टा नकोय. यंत्र आल्यापासून तुझं तोंड उतरलंय. भांडी घासायचं काम गेलं, म्हणून तुला ते नकोसं झालंय. खरं की खोटं?"

"भांडी गेल्याचं दुःख कोणाला होतं, ताई? माझे हात बघ. पहिल्यांदा नखं वाढलीत." मग वही परत देताना म्हणाली, "सगळ्यांचे रकाने आहेत. तुझा कुठाय?"

निरीक्षकाचा रकाना नसतो. दुकानात झडतीला गेलेली बाई आपली वजनं दुकानदाराकडून तपासून घेत नाही. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "दिव्याखाली अंधार." नववीतून शाळा सुटली, पण म्हणी तेवढ्या पाठ आहेत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वायरमन आला. वही वाचून म्हणाला, "वा, अशी गिऱ्हाइकं मिळाली तर आम्ही लवकर म्हातारे होणार नाही." मग वायरीभोवती चिमटा लावून मोजायचं यंत्र काढलं आणि तासभर मोजत बसला. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवून घेते, कारण ते पदार्थविज्ञानाला धरून आहे.

बोर्डातला सेफ्टीचा स्विच गळती मोजतो. वायरीतून गेलेली वीज सगळी परत आली पाहिजे. थोडी जरी भलत्या वाटेने जमिनीत गेली, तरी तो पडतो. तीस मिलिअँपिअरचा आहे, पण पंचविशीतच पडतो. भांड्यांचं यंत्र पाणी तापवायला लागलं की एकोणीस गळतात. जास्त आहेत, सुटा भाग मागवावा लागेल, महिना जाईल. बाकी घराचे दोन-तीन. "झाले बावीस. एवढ्यावर हा पडायचा नाही. आणखी कुणीतरी वरचे चार-पाच घालतंय, आणि तेही नेमके त्याच वेळी. एकटा कुणी गुन्हेगार नाही, दोघं मिळून पाडतात. पाणी आणि गरम, अशी दुसरी वस्तू शोधा. न्हाणीघरात काय आहे?"

"न्हाणीघर माझं आहे. तिथे परका माणूस पाऊल टाकत नाही. आणि तिथे एकही यंत्र नाही."

"बरं." त्याने अवजारं गोळा केली. मुलगा म्हणाला, "तो स्विचच काढून टाका ना. साधा लावा. कटकट संपेल." त्यावर वायरमनने अवजारांची पिशवी खाली ठेवली. "साहेब, त्याला शिव्या देता, पण तो पडतो म्हणून तुम्ही सगळे जेवताय. तो नसला तर गळती थांबत नाही. ती कुणाच्या तरी अंगातून जाते. मी काढणार नाही."

रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, तो रॉड."

"काय रॉड?"

"पाणी आणि गरम म्हणाला ना तो? तुझा रॉड रोज त्याच वेळी चालू असतो. रविवारी तू नसतेस, रॉड नसतो, मेन पडत नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे समजावून सांगितलं. गळती जमिनीत जाते ती अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेतून. माझा रॉड दोन पिनांचा आहे. त्याला अर्थिंगच नाही. जिथे वाटच नाही तिथून गळती जाणार कुठून? शिवाय रॉड हे यंत्रच नव्हे. ती एक तार आहे, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. सत्तेचाळीस वर्षं चालतोय, एकदाही दुरुस्तीला गेला नाही.

"पण मग तुझ्या बोटांना मुंग्या..."

"त्या नसांच्या आहेत. डॉक्टर नववीपेक्षा जास्त शिकलेत."

मुलगा खो खो हसला. सून ताटात बघत होती. धाकटीने भात कालवला, पण खाल्ला नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग पहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. आज दुपारी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मी धाकटीसमोर बसले. तिने भांडी लावली, बटण दाबलं. मी तिचे हात सोडून कुठेही पाहिलं नाही. दीड तास बसले. पाय शेकायचे राहिले.

मेन पडला नाही.

माझ्या डोळ्यांदेखत तिला काही करता येत नाही. याहून लख्ख पुरावा कसला हवा?

१६ नोव्हेंबर, शनिवार

लिहायला हात धजत नाही, पण नोंद ही नोंद. आज दुपारी न्हाणीघरात गेले तर रॉड जागेवर नव्हता. खुंटी रिकामी. धाकटी स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. मी सरळ तिच्या खोलीत गेले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि मुलाला बोलावलं, कारण झडतीला दुसरा माणूस साक्षीला लागतो. कपड्यांच्या तळाशी, आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला रॉड सापडला.

ती दारात येऊन उभी राहिली. मुलगा म्हणाला, "मावशी, काय हे?"

"बोलून ऐकत नाही म्हणून लपवला."

"म्हणजे चोरी," मी म्हणाले.

"असं कर. आजचा दिवस ट्रंकेतच राहू दे. मेन पडला तर मला हाकल."

मी रॉड उचलून खुंटीला लावला. पण या गडबडीत तास-दीड तास गेला आणि यंत्र चालून बंद झालं होतं. पाय संध्याकाळी शेकले. आज मेन पडला नाही, तो का पडला नाही हे उघड आहे. चोर पकडला गेला की त्या दिवशी चोरी होत नाही.

ट्रंकेत आणखी काय होतं तेही लिहून ठेवते. आईचं औषधांचं वेळापत्रक, धाकटीच्या अक्षरात, शेवटच्या अकरा वर्षांचं. माझी पदवीच्या वेळची पत्रं, दोऱ्याने बांधलेली. तिने ती का ठेवली कोण जाणे. त्यात बहुतेक पैसे पाठव, लोकरी मोजे पाठव, एवढंच असायचं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोग दुसरा. मुलाने जेवायच्या सुट्टीत यंत्र लावलं. धाकटीला तिच्या खोलीत बसायला सांगितलं, दार लोटून. मी नेहमीसारखी न्हाणीघरात.

दोन अठराला पडला.

मुलगा म्हणाला, "आता तर मावशी स्वयंपाकघरात नव्हती." मी त्याला पॅसेजमध्ये नेलं आणि बोर्डापासून तिच्या दारापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून दाखवलं. पाऊण मीटर. दार पुरतं न उघडता, फटीतून हात घालूनही मेन खाली ओढता येतो. त्याने स्वतः करून पाहिलं. हात पोचला.

मग मी दार उघडलं. ती पलंगावर रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती.

"ओढलास ना?"

"नाही."

"आईचं करताकरता तुला सवय लागली. सगळ्या घराने तुझ्याभोवती फिरायचं, तू नसलीस तर सगळं अडायचं. आता काही अडत नाही, म्हणून तू अडवतेस. भांडी यंत्र घासतं. मग तू या घरात कशासाठी आहेस, याचा विचार केलायस?"

हे मी बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. कठोर आहेत, पण चूक नाहीत. ती म्हणाली, "तू खात्यात होतीस तेव्हा सांगायचीस बघ. खोटं वजन सापडलं की त्याचा कान छाटून ते बाद करायचं, पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून. किती वेळा सांगितलंयस तू हे, जेवणावर."

"मग?"

"काही नाही. आठवलं."

२० नोव्हेंबर, बुधवार

गावाबाहेर वृद्धांचं एक निवास आहे, तिथे जाऊन आले. खोलीत दोघी. खाटा लोखंडी, गाद्या पातळ, पण स्वच्छता चोख. संडास पॅसेजच्या टोकाला. गरम पाणी मंगळवारी आणि शनिवारी. व्यवस्थापक बाई माझ्याच वळणाची आहे, फार बोलत नाही. तिने विचारलं, "बहीण आजारी आहे का?" मी सांगितलं, ठणठणीत आहे. "मग?" म्हणाली. खोली हवी आहे असं सांगितलं. मुलाला कामासाठी वेगळी खोली हवीच आहे, त्यात खोटं काही नाही.

परतीच्या वाटेवर मनात येऊन गेलं ते लिहिते, वही माझीच आहे. मी कॉलेजला गेले तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती आणि दोघींपैकी एकीने घरी थांबणं भाग होतं. मी मोठी, शिकण्यात पुढे. ती थांबली. मी वसतिगृहात निघाले तेव्हा तिने पाकिटं चिकटवून साठवलेल्या पैशातून मला तो रॉड घेऊन दिला. तिकडे थंडी फार असते असं तिला कुणी सांगितलं होतं. चौदा वर्षांची होती. पण सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा उपकार आजच्या खोडीला उत्तर होत नाही. तसं असतं तर एकाही दुकानदाराला दंड करता आला नसता. प्रत्येकाने कधी ना कधी कुणालातरी झुकतं माप दिलेलं असतंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन एकवीसला पडला. मुलाला साहेबांचं पत्र आलं. आणखी एकदा असं झालं तर दुसरा माणूस बघू, असं स्पष्ट लिहिलं आहे. तो रडकुंडीला आला. त्याने दुसरा एक वायरमन शोधून काढला. सेफ्टीचा स्विच काढून साधा लावायला तो अर्ध्या तासात तयार आहे. शनिवारी येतो म्हणाला.

मी म्हटलं, "ठीक. मेन पडायचं कारण घरातून जात नसेल, तर स्विच जाऊ दे."

धाकटी टेबल पुसत होती. ती ओरडली. दोन वर्षांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "स्विच काढायचा नाही!"

"तू कोण सांगणारी?"

"कुणी नाही. स्विच काढायचा नाही. तुला मरायचंय का?"

"मला धमकी देतेस?"

तिने फडकं खाली ठेवलं. सून उठून तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, बसा हो." ती बसली नाही. मला म्हणाली, "तू काल कुठे जाऊन आलीस ते मला माहीत आहे. त्यांचा फोन मी घेतला होता. मी जाते तिकडे. भांडत नाही, रडत नाही, नातेवाइकांत बोभाटा करत नाही. पण दोन गोष्टी. तो स्विच जागेवर राहील. आणि तो रॉड मला दे."

"कुठला?"

"मी घेऊन दिलेला."

आयुष्यभराच्या नात्यात मागून मागून काय मागितलं, तर एक गंजका रॉड. आणि दिलेली वस्तू परत! मागण्यालाही काही उंची असते. सून म्हणाली, "आई, आपण एकदा त्या वायरमनला तो रॉड दाखवूया का? नुसता दाखवूया." मी तिला सांगितलं की या घरात पदार्थविज्ञान कुणी शिकलं असेल तर मी, आणि दोन पिनांचं उत्तर मी दिलेलं आहे. सुनेने मुलाकडे पाहिलं. मुलगा साहेबांचं पत्र पुन्हा वाचत होता.

"दिला," मी धाकटीला म्हटलं. "आत्ता घे. माझ्याकडे चूल आहे, पातेलं आहे. तुझ्याशिवाय आणि तुझ्या रॉडशिवाय माझं अडणार नाही."

ती तडक न्हाणीघरात गेली आणि खुंटीवरून तो घेऊन आली. कुणीतरी सोन्याची साखळी परत करावी, तसा छातीशी धरून.

आजपासून तिने यंत्राला, बोर्डाला हात लावायचा नाही, असं बजावलं. मुलाने त्या दुसऱ्या वायरमनला चार दिवस थांब म्हणून कळवलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस. यंत्र रोज चाललं, मी घरात (रविवारी मंडळातही गेले नाही), मुलगा घरात, सगळं नेहमीचं. धाकटीचा हात तेवढा काढून घेतला. मेन एकदाही पडला नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला.

मुलाने मला मिठी मारली. "आई, तू ग्रेट आहेस." त्या दुसऱ्या वायरमनला येऊ नको म्हणून कळवून टाकलं. स्विच राहिला तसाच. कारण सापडल्यावर स्विचशी आपलं भांडण नाही.

पातेल्यात तापवलेल्या पाण्यात पाय शेकते. बरं वाटतं. बोटांच्या मुंग्याही थांबल्या. गोळ्यांना उशिरा का होईना गुण आला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वायरमनचा फोन. सुटा भाग आला म्हणाला, कधी येऊ? मी सांगितलं, घाई नाही, आठ दिवसांत एकदाही पडलेला नाही.

"मग घरातून काय काढलंत?"

"वस्तू काही नाही. माणूस बाजूला केला."

"माणसाने मेन पडत नाही, बाई."

"पडतो. माझ्याकडे नोंदी आहेत."

"नोंदी मी वाचल्यात. चांगल्या होत्या. त्यात तुम्ही कुठे होता, एवढंच नव्हतं."

मी फोन ठेवला. हाताला काम आहे म्हणून ही माणसं तोंडालाही काम देतात.

धाकटी दुपारी तिच्या खोलीत दार लावून बसली होती. मुलाची मोठी कात्री सापडत नव्हती, ती तिच्याकडे निघाली. कशाला नेली विचारलं, तर म्हणाली, नखं वाढलीत.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेदहाला निवासाची गाडी आली. सून कामाला जाण्याआधी तिला भेटली, बराच वेळ. मुलगा बैठकीत होता. मागची खोली झाडून घेतली, भिंतींची मापं घेऊन ठेवली.

पुढे वाद नको म्हणून सर्व वस्तू मोजून, तपासून, यादी करून दिल्या. नक्कल वहीत.

सुपूर्द केलेल्या वस्तू:

ट्रंक, लोखंडी, कडीसह. एक.
कपड्यांचे जोड, पाच. स्वेटर, एक, कोपरावर रफू केलेला.
शाल, आईची. एक.
रेडिओ, एक. चालू स्थितीत.
औषधांचं जुनं वेळापत्रक. ठेवून जा म्हटलं, तर दिलं नाही.
माझी पत्रं, दोऱ्याने बांधलेली. हीही दिली नाहीत. मोजली नाहीत.
चष्मा, दोन. एक वापरातला.
पाणी तापवायचा रॉड, एक. दिला तेव्हा चालू स्थितीत होता. आज तपासताना त्याची वायर मुळापासून कात्रीने कापलेली आढळली, पिनेसकट. वायर कुठे आहे विचारलं. कचऱ्यात टाकली म्हणाली. सत्तेचाळीस वर्षं माझ्याकडे धडधाकट असलेली वस्तू नऊ दिवसांत निकामी. कारण विचारलं. गाडीत बसता बसता म्हणाली, "बाद केला, ताई."

वरील शेरा यादीत लिहिला. तिने तो वाचला आणि खाली सही केली. वस्तू मिळाल्याची पोच घेतली.